उष्टा तारपा

विपुल वरठाला किळस फार. किती फार, तर सरावलीच्या चाळीत खोली घेतली त्या दिवशी त्याने आधी दाराची कडी स्पिरिटने पुसली, मग नळाची तोटी पुसली, आणि आधीचा भाडेकरू भिंतीवर विसरून गेलेला आरसा पुसता पुसता थांबून तो सरळ कचऱ्यात टाकून दिला. त्यात बघून कुणी दात कोरले असतील, कुणी पुटकुळ्या फोडल्या असतील, असं त्याच्या मनात आलं होतं. त्याची बायको सपना दारात उभी राहून हे बघत होती. आता मला तेवढी पुसायची राहिली, असं ती म्हणाली, तर ह्याने बाटलीत किती स्पिरिट उरलंय ते पाहिलं.

चहाच्या टपरीवर तो स्वतःचा पेला घेऊन जाई. कुणी आपल्या डब्यातला घास पुढे केला की पोट बिघडलंय म्हणून सांगे. चाळीच्या जिन्यात दोन्ही भिंतींवर पानाच्या पिचकाऱ्या होत्या, म्हणून जिन्याच्या बरोबर मधून, कोपरं अंगाशी धरून चढे. समोरून कुणी उतरत असेल तर खाली थांबून राही.

आता बोईसरला राहायचं म्हणजे किळस येण्यासारखं पुष्कळ आहे, हे कुणीही कबूल करील. औद्योगिक वसाहतीच्या कडेचा नाला कधी तांबडा असतो, कधी जांभळट, आणि त्याच्यावरचा फेस वाऱ्याने उडून रस्त्यावर येतो. संध्याकाळी असा एक वास सुटतो की नवख्या माणसाचे डोळे चुरचुरतात. गंमत अशी, की ह्या नाल्याचं विपुलला काहीच वाटत नसे. नाल्यावरून तो शीळ घालत जाई. त्याला शिसारी यायची ती माणसाच्या तोंडाची. थुंकी, लाळ, खाकरा, उष्टं, ह्या चार गोष्टींनी त्याचा जन्म नासवला होता.

हे खूळ आश्रमशाळेतलं. तिथे पाण्याच्या पिंपावर साखळीने बांधलेला एकच पेला होता आणि सगळी शाळा त्याला तोंड लावून पाणी पिई. एकदा विपुलच्या पुढच्या मुलाने पेला खाली ठेवला, तेव्हा त्याच्या तोंडापासून पेल्यापर्यंत लाळेची तार लोंबत होती. मागच्याने ढकललं, तहान लागलेली होती, विपुल प्याला. ते पाणी पुढे मोठेपणीही अधूनमधून त्याच्या घशाशी येई. आपण शिकायचं ते ह्या पेल्यापासून लांब जाण्यासाठी, असं त्याने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आणि गेलाही. पालघरला आयटीआय केलं आणि तारापूरच्या औषधाच्या एका कंपनीत, गोळ्या पॅक करण्याच्या खात्यात कंत्राटावर लागला. आत जाताना पांढरा अंगरखा, टोपी, तोंडावर मास्क, हातमोजे, दर थोड्या वेळाने हातांवर स्पिरिट. दुसरे कामगार वैतागत. विपुलला मात्र जगात स्वर्ग असलाच तर तो असा, पांढऱ्या टाइल्सचा आणि कुणाचाही श्वास अंगावर न येणारा असावा असं वाटे. काळजी एकच होती. कंत्राट दर वर्षी संपे आणि ते पुन्हा मिळेल की नाही ह्याचा भरवसा नसे. एकदा कायम झालो की सुटलो, एवढाच त्याचा जप होता.

त्या पावसाळ्याच्या शेवटी कंपनीतले सुजीत सर त्याला केबिनमध्ये बोलवून खुर्चीवर बस म्हणाले. सुजीत सर माणसं बघायच्या खात्यात होते, आणि दुसऱ्याच्या जिवावर शब्द देऊन मोकळं होण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. हिवाळ्यात मुख्य कार्यालयातले साहेब येणार होते. त्यांच्यापुढे इथली संस्कृती सादर करायची होती, आणि सुजीत सर त्यांना आधीच सांगून बसले होते की आमच्या पॅकिंगमध्येच एक वारली पोरगा आहे, तारपा काय सुरेख वाजवतो. कायम करायच्या नावांवर सही करणारे तेच साहेब आहेत, हेही त्यांनी सहज म्हणून घातलं. विपुलने जन्मात तारपा हातात धरला नव्हता. पण तो मान हलवून बाहेर आला, आणि बाहेर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की तारपा तोंडाने वाजवतात.

विपुलचा मामा सुका मनोरच्या बाजूला, डोंगरालगतच्या पाड्यावर राहायचा. पावसाच्या पाण्यावरचं भाताचं एक वावर, दोन बैल, आणि घराच्या मेढीला टांगलेला तारपा, एवढी त्याची इस्टेट. पाड्यावर तारपा वाजवणारा तोच उरला होता आणि त्याचाही दम आता पुरत नव्हता. एक चाल पुरी व्हायच्या आत खोकला धरायचा. त्याचे स्वतःचे मुलगे वीटभट्टीवर गेले ते तिकडचेच झाले. सणाला आले तर स्पीकर लावून नाचत.

विपुलने शिकव म्हटल्यावर मामा इतका खूश झाला की कशाला शिकायचंय हे त्याने विचारलंच नाही. पाड्याचा सूर पुढे चालावा म्हणून भाचा आलाय, असं त्याने आपलं धरून घेतलं. विपुलनेही ते तसंच राहू दिलं. कंपनीचं नाव काढायला तो धजला नाही, कारण मामाचा एक किस्सा त्याला माहीत होता. केळव्याचा एक रिसॉर्टवाला मामाला बोलवायला आला होता. पाहुण्यांनी तारप्याला तोंड लावून फोटो काढायचे आणि मामाने बाजूला उभं राहून हसायचं, असा बेत होता. मामाने त्याला अंगणातूनच परत लावलं होतं.

“तारपा म्हंजे चिलीम नाय,” तो म्हणाला होता, “कोणीबी वढायला.”

मामाच्या तारप्याला मामाचं तोंड. तो ज्याला शिकवील त्याचं तोंड. तिसरं कुणाचं नाही.

नवा भात खाल्ल्याशिवाय तारपा खाली काढायचा नाही, अशी पाड्याची रीत. तो खाऊन झाला होता, तेव्हा वाजवायला आडकाठी नव्हती. मामाने तारपा खाली काढला आणि विपुलने पहिल्यांदा तो जवळून पाहिला. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. भोपळ्याला फुंकायचं भोक आणि त्या भोकाची कड मामाच्या ओठांनी काळी, गुळगुळीत झालेली. आतून ताडी, तंबाखू आणि ओल्या भोपळ्याचा मिळून एक आंबूस वास येत होता. मामा गाल फुगवून वाजवू लागला. नाकाने श्वास घेई, गालाने सोडी, सूर कुठे तुटायचा नाही. विपुलचं सुरांकडे लक्ष नव्हतं. कर्ण्याच्या टोकातून एकेक थेंब टपकत होता, तो त्यांच्याकडे बघत होता.

मग मामाने तारपा तोंडातून काढला आणि तसाच त्याच्यापुढे धरला.

“घे. आतली जीभ वली हाय तवर फुंक. सुकली का मुकी होते.”

आतली जीभ म्हणजे नळीच्या आत बसवलेली बांबूची बारीक चीप. ती ओली असली तरच बोलते, आणि नवशिक्याच्या फुंकेने ती ओली व्हायला वेळ लागतो, म्हणून शिकवणाऱ्याने आपल्या तोंडाने भिजवून द्यायची. म्हणजे तारपा उष्टाच शिकायचा. दुसरी वाटच नाही. विपुलने रुमाल काढून भोक पुसलं, ओठ टेकवल्यासारखे केले आणि लांबूनच फुंकलं. फुस्स झालं. मामाने रुमालाकडे पाहिलं आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेला.

पुढचे दोन-तीन रविवार असेच गेले. शेवटी विपुलने घरी सराव करतो म्हणून तारपा मागून घेतला. मामाने जरा विचार करून दिला. आणि घरी येऊन ह्या शहाण्याने काय केलं, तर बादलीत कढत पाणी ओतलं, त्यात स्पिरिट घातलं आणि तारपा आतून बाहेरून स्वच्छ व्हावा म्हणून बुडवून ठेवला. आपण फार अक्कलहुशारीने वागतोय असंच त्याला वाटत होतं. थोड्या वेळाने बघतो तर पाण्यावर मेणाचा तवंग, नळ्या सुटलेल्या, कर्ण्याची पानं फुगून उलगडलेली, आणि भोपळा एकीकडे तरंगतोय. सपनाने कपाळाला हात लावला. मामाला काय सांगशील, असं तिने विचारलं, तेव्हा तो भोपळा निथळून एकेक तुकडा पिशवीत भरायला लागला.

सांगायची वेळच आली नाही. पिशवी उघडल्याबरोबर मामाने भोपळा नाकाशी नेला.

“दवाखान्याचा वास येतो,” तो म्हणाला. “माजी किळस आली तुला?”

मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. पण मामाने नुसतं मेण मागवलं, निखाऱ्यावर मऊ केलं आणि नळ्या बसवायला घेतल्या. मेण अंगठ्याला चिकटू नये म्हणून तो दर वेळी अंगठ्यावर थुंके आणि मग दाबे. थुंके आणि दाबे. विपुलचं नाक आक्रसलं. मामाची बायको लाडकी चुलीपाशी होती, तिला त्याचं तोंड बघून हसू आलं. तिने मग सांगितलं की विपुल नुकता घास खायला लागला होता तेव्हा त्याची आई तापाने पडली होती. अंगावर दूध नव्हतं आणि पोर तर भुकेने रडत होतं. तेव्हा ह्या मामानेच भात आपल्या तोंडात चावून, मऊ करून, बोटाने त्याच्या तोंडात घातला. पुरा पावसाळा तो त्या उष्ट्या भातावर जगला आणि चांगला टुणटुणीत झाला.

हे ऐकून भाच्याचे डोळे भरून यायला हवे होते. भरून आलं ते तोंड. तो घरामागे पळत गेला आणि ओकाऱ्या काढत राहिला, पण बाहेर काही आलं नाही. चूळ भरून परत आला तोवर तारपा जोडून झाला होता आणि मामा तो भिजवण्यासाठी फुंकत होता. ह्या वेळी विपुलने रुमाल काढला नाही. त्याची किळस गेली होती असं नाही, ती घशापर्यंत आलेलीच होती. पण जे बोलायला यायच्या आधीच पोटात गेलं आणि ज्याच्यावर हाडं धरली, ते आता पुसणार तरी कुठून, असा एक वैतागलेला विचार त्याने केला आणि ओल्या भोकाला तोंड लावलं. ओठांना कोमट लागलं. आतून म्हशीने हंबरावं तसा आवाज आला. मामा इतका हसला की त्याला खोकला लागला.

त्यानंतर विपुल शिकला, पण त्या शिकण्यात डौलदार असं काही नव्हतं. श्वास नाकाने घ्यायचा आणि त्याच वेळी गालातला सोडायचा, हे जमेपर्यंत त्याला चक्कर येई. हनुवटीवरून लाळ ओघळून शर्टावर पडे आणि आपल्याच लाळेने त्याला शहारा येई. चाळीत वाजवायची सोय नव्हती. शेजारच्या भाईने दार वाजवून, बच्चा डर जाता है, असं सांगितलं. मग तो कारखान्यांच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर, ट्रक उभे असत तिथे जाऊन वाजवू लागला. नाल्याचा वास नाकात घ्यायचा आणि भोपळ्यात सोडायचा. पण हळूहळू सूर तुटायचा थांबला. मामाने शिकवलेली एक चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत निघाली, तेव्हा मामाने उठून अंगणात दोन पावलं टाकली. तारपा आता तुझ्याकडेच ठेव, असं तो म्हणाला. विपुलला त्या दिवशी खरोखर आनंद झाला. कंपनीचा कार्यक्रम काही क्षण तो विसरला होता.

कार्यक्रमाचं काय सांगावं. हिरवळीवर मांडव घातला होता. हिशेब खात्यातल्या बायका चॉकलेटी टी-शर्ट घालून आल्या होत्या आणि त्यावर पांढऱ्या रंगात वारली माणसं काढलेली होती. जेवणाच्या टेबलावर केळीच्या पानाचं चित्र छापलेल्या प्लास्टिकच्या ताटल्या. सुजीत सरांनी विपुलसाठी लंगोटी आणि मोरपीस भाड्याने आणून ठेवलं होतं. त्याच्या पाड्यावर सगळे पॅन्ट-शर्ट घालतात, हे सांगून उपयोग झाला नाही. लंगोटीला आधीच्या कुणाच्या तरी घामाचा वास होता. विपुलने ती आपल्या हाफ पॅन्टवरून गुंडाळली आणि उभा राहिला.

वाजवलं मात्र चांगलं. सूर धरला तसे लोक गप्प झाले. मांडवाच्या मागे भांडी विसळणाऱ्या पाड्याकडच्या बाया होत्या, त्यांची पावलं जागच्या जागी हलायला लागली. चाल संपली, टाळ्या झाल्या, आणि मोठे साहेब खुर्चीतून उठून आले. तोंडात मसाला सुपारी होती. त्यांनी विपुलच्या खांद्यावर हात टाकला, फोटोवाल्याला खूण केली आणि तारप्याकडे हात पुढे केला.

नाही म्हणता आलं असतं. मामाचा चिलमीचा शब्द विपुलच्या अगदी जिभेवर आला होता. पण साहेबांच्या मागे सुजीत सर उभे होते आणि त्यांच्या मागे कायम होण्याची वर्षानुवर्षांची आशा उभी होती. विपुलच्या हातांनी आपणहून तारपा पुढे केला.

साहेबांनी तोंड लावून फुंकलं. पादल्यासारखा आवाज झाला आणि सगळा मांडव हसला. त्यांनी पुन्हा फुंकलं, पुन्हा हशा. मग दुसऱ्या साहेबांनी घेतला, मग एका बाईंनी, लिपस्टिकचा डाग भोकाच्या कडेवर ठेवून. पहिले साहेब एव्हाना कागदी रुमालाने ओठ पुसत होते आणि त्यांच्या तोंडावर जे आलं होतं ते विपुलने ओळखलं. नाक आक्रसलेलं, ओठ आत ओढलेले, जीभ टाळूला लावून आतली चव बाहेर ढकलण्याचा प्रयत्न. रोज रात्री चाळीच्या जिन्यात तो स्वतः अस्साच दिसत असणार. मामापुढे रुमाल काढला तेव्हाही अस्साच दिसला असणार. सुजीत सर सॅनिटायझरची बाटली घेऊन धावले आणि त्यांनी साहेबांच्या हातांवर ओतलं. मग दोन बोटांत धरून तारपा विपुलकडे परत आला.

साहेबांना आणखी एक चाल ऐकायची होती. सुजीत सर डोळ्यांनी घाई करत होते. विपुलने भोकाकडे पाहिलं. तिथे सुपारीचा एक कण चिकटलेला होता. त्याने डोळे मिटले आणि तोंड लावलं. मसाल्याची गोडसर, बुळबुळीत चव जिभेवर आली, पाठोपाठ लिपस्टिकचा मेणचटपणा, आणि हे सगळं आत ओढत, गालात धरत, नळ्यांतून सोडत त्याने ती चाल शेवटपर्यंत वाजवली. सूर कुठे तुटला नाही. आश्रमशाळेतल्या त्या पेल्यातलं पाणी परवडलं असतं, असं त्याला वाटलं. त्या पेल्यापुढे ढकलणारा निदान दुसरा कुणी होता.

मांडवातून निघताना सुजीत सरांनी पाठ थोपटली आणि काम झालं समज म्हणाले. काम खरंच झालं. नव्या महिन्यापासून विपुल वरठा कायम झाला.

तारपा मात्र साफ होईना. बुडवला तर मेण जातं, हे आता माहीत होतं. त्याने भोकाची कड स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, पुन्हा पुन्हा पुसली. पण थुंकी आत नळीतल्या जिभेपर्यंत गेलेली होती आणि तिथवर बोळा पोचत नव्हता.

पेढे घेऊन तो पाड्यावर गेला. कायम झाल्याचं मामाला विशेष काही वाटलं नाही. वाजव म्हणाला. विपुलने वाजवलं. थंडी सरत आली होती, मामाचा खोकला त्या दिवशी जरा बरा होता, आणि ऐकता ऐकता त्याला हुरूप आला. चाल संपायच्या आतच त्याने हात पुढे केले. जरा मी फुंकतो, बरेच दिस झाले, असं म्हणत त्याने तारपा धरलाही.

विपुलने तो ओढून घेतला. विचार करून नव्हे, आगीवरून पोराला ओढावं तसा. मामाचं ते भात चावून भरवणारं तोंड आणि साहेबांची ती सुपारी, ह्या दोन गोष्टी एका ठिकाणी येताहेत हे त्याला सहनच झालं नाही. भोकावर त्याने तळवा दाबून धरला.

मामाचे हात तसेच पुढे राहिले.

“का रं? माजं तोंड लागायला नको आता?”

“तसं नाय, मामा.”

“मंग कसं?”

कसं ते सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. मांडव, लंगोटी, फोटो, कोणकोणत्या तोंडांनी ओढलं ते, आणि आपल्याच हातांनी पुढे केला ते. विपुलने तोंड उघडलं. आपल्याच त्या तोंडाची त्याला अशी शिसारी आली की त्यातून शब्द बाहेर काढवेना. तो गप्प राहिला, आणि मामाने त्या गप्प राहण्याचा जो अर्थ निघतो तो काढला.

“ने मंग,” मामा म्हणाला. “धुऊन ठेव.”

आणि पंच्याने स्वतःचेच ओठ पुसत तो बैलांकडे गेला.